सरत्या सालाची पहिली तबकडी

रघुवीर सबनीसांना धक्का बसायला फार काही लागत नसे. आमटीत कोकमाऐवजी चिंच पडली तरी ते वाटीकडे रस्त्यावरच्या अपघाताकडे पाहावं तसे पाहत. पण अठ्ठावन्न साल संपता संपता त्यांना जे धक्के बसले, ते त्यांच्या रोजच्या धक्क्यांत बसणारे नव्हते.

फणसवाडीतल्या कुडाळकर बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर सबनीस राहत आणि फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्की करत. ही जगाला माहीत असलेली माहिती. स्वतः सबनीसांच्या मते ते मुंबईत उरलेल्या मोजक्या कानांपैकी दोन कानांचे मालक होते. गाण्याची नवी तबकडी बाजारात आली आणि सबनीसांनी ती ऐकली नाही, असं घडत नसे. दर डिसेंबरात ते वर्षभरातल्या उत्तम पाच तबकड्या निवडत आणि जिन्याखालच्या फळ्यावर खडूने त्यांचा क्रम लिहीत. या फळ्यावर एरवी ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढंच साहित्य असे.

त्या वर्षीही त्यांनी सुवाच्य अक्षरात पाच नावं लिहिली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या राधाबाई चष्मा सावरत फळ्यापुढे उभ्या राहिल्या, पाचही नावं वाचली आणि हळहळत म्हणाल्या, “अरे अरे! पाचही एकदमच गेली का? सुतक कुणाला आहे, रघुवीर?”

सबनीस दोन पायऱ्या खाली उतरले होते, ते तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. म्हणजे इतकी वर्षं ही बिल्डिंग त्यांची निवड मृतांची यादी म्हणून वाचत होती! त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की यंदा नुसतं लिहायचं नाही, तर पाचही तबकड्या बिल्डिंगच्या चौकात जाहीरपणे वाजवायच्या. एकदा या लोकांच्या कानात सूर घालायचाच, मग तो आत राहो नाहीतर दुसऱ्या कानाने बाहेर जावो.

बेत साधा होता. एक फोनो, पाच तबकड्या आणि रविवारची संध्याकाळ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढीचा फेस अजून गालावर असताना, अप्पा खांडके दारात उभे. अप्पा कस्टममधून रिटायर झालेले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचं बिल्डिंगपुरतं सगळं काम पाहणारे. त्यांच्या आवाजाला सदैव सभेची सवय होती. समोर एकच माणूस असला तरी ते मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलत.

“सबनीस, फळ्यावर चूक झालीय.”

“कुठली?”

“पहिल्या नंबरावर. रतनबेन हळवदवाली असं लिहिलंय.”

“बरोबर लिहिलंय.”

“ही बाई गुजराती आहे.”

“हो. आणि गाणंही गुजरातीच आहे. पण काय गायलीय, अप्पा! गंधार असा लागतो की…”

“लागू दे ना! अहमदाबादेत लागू दे!” अप्पांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर गेला. “अहो, मराठी आणि गुजराती मुलूख एका दाव्याला बांधून दिल्लीने हे द्विभाषिक राज्य आपल्या गळ्यात घातलं. मुंबई कुणाची म्हणून माणसं मेली. आणि आपल्या जिन्यात गुजरातला पहिला नंबर? पोवाड्याची एवढी खणखणीत तबकडी निघालीय, ती पाचवी?”

“शाहिराचा आवाज उत्तम आहे,” सबनीस म्हणाले, “पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी डफ भलताच जवळ धरलाय.”

अप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू डफाबद्दल असं बोलणारा माणूस उद्या भगव्या झेंड्याच्या कापडाबद्दलही बोलेल.

सबनीसांना धक्का बसला. कारण ते काही कुंपणावरचे गृहस्थ नव्हते. त्यांनी सत्याग्रह केला होता. पोलिसांनी त्यांना लॉरीत घालून ठाण्यापलीकडे नेऊन सोडून दिलं होतं आणि तिथून ते तुटलेल्या चपलेने घोषणा देत परत आले होते. त्या चपलेचा अंगठा त्यांनी अजून लावून घेतला नव्हता. तो त्यांचा पुरावा होता. आणि आज त्यांना कुणी महाराष्ट्रद्रोही ठरवावं, तेही तोंडाला साबण असताना!

दुपारपर्यंत बिल्डिंगभर सल्ले सुटले. कुणी म्हणालं, पहिला नंबर रिकामाच ठेवा, सरकारी नोकरीत ठेवतात तसा. कुणी म्हणालं, क्रम खालून वर लिहा, म्हणजे बाई आपोआप शेवटी जाईल आणि तुमचं मनही राखलं जाईल. राधाबाईंनी सर्वांत मुत्सद्दी तोडगा काढला. “रघुवीर, बाई बडोद्याची आहे म्हणून सांग. बडोदं आपलंच.”

“पण ती हळवदची आहे हो.”

“मग बडोद्याला दिलेली असेल. बायकांचं काय, देतील तिथल्या.”

घरात वेगळाच प्रश्न उभा होता. बकुळाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, तुम्ही ती तबकडी लावून रोज डोळे पुसता. म्हणते तरी काय ती बाई?”

“ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.”

“शब्दच सांगा की.”

सबनीस जरा चपापले. “विरह आहे गं. जिवाशिवाचा. ती तिसऱ्या ओळीत ‘पदरात लपवलं’ असं काहीसं म्हणते ना, तिथे तर साक्षात जीव परमात्म्याच्या पदराआड…”

“तुम्हाला गुजराती येतं कधीपासून?”

“सुराला भाषा नसते,” सबनीस म्हणाले आणि आंघोळीला गेले. सकाळीच आंघोळ झाली होती हे त्यांना मोरीत गेल्यावर आठवलं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर दौलत शेजवळ बसे. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, सबनीसांच्या आधी नवी तबकडी ऐकल्याचा दावा करणारा आणि म्हणून सबनीसांचा एकमेव मित्र. त्याच्या मंडळाकडे जयंतीला लावायचा माइक आणि भोंगा होता. फोनोच्या पेटीसमोर माइक धरला की काम झालं.

“भोंगा नेतोस तर ने,” दौलत म्हणाला. “पण रघू, पोलिसांची परवानगी काढ. आमच्याकडे भोंग्यावरची धूळ झटकली तरी शिपाई येऊन विचारतो, कसली सभा म्हणून.”

“आणि पहिल्या नंबराबद्दल तुझं काय मत?”

“बाई पहिलीच आहे. वादच नाही.” दौलतने आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. “पण मी ते फळ्यावर नाही लिहिलं.”

पोलीस ठाण्यावर इन्स्पेक्टर धुरी होते. हा माणूस गेली दोन-तीन वर्षं मोर्चे अडवून इतका थकला होता की समोर दोन माणसं एकत्र आली की त्याचा हात आपोआप टोपीकडे जाई. त्यांनी अर्ज वाचला.

“भोंगा. जमाव. गाणी. यात राजकीय काय आहे?”

“काहीच नाही, साहेब.”

“पोवाडा आहे.”

“ऐतिहासिक आहे.”

“हल्ली इतिहासाइतकं राजकीय काही नसतं, सबनीस. आणि हे गुजराती गाणं? गिरगावात? अर्थ काय याचा?”

सबनीस जीवशिव आणि पदर यांची जुळवाजुळव करू लागले. धुरींनी हात वर केला. “मराठीत लेखी अर्थ आणून द्या. उद्या दगडफेक झाली तर वर काय सांगू? गंधार चांगला होता?”

आता गुजराती जाणणारा माणूस हवा. आणि इथे सबनीसांना असा धक्का बसला की ते पुढचा दिवसभर कमी बोलले. कुडाळकर बिल्डिंगमध्ये गुजराती कुणालाच येत नव्हतं! कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ज्यांनी आयुष्यभर गुजरातीतून घासाघीस केली, ती सगळी माणसं एका आठवड्यात ती भाषा समूळ विसरली होती. राधाबाई म्हणाल्या, “आम्ही बोट दाखवतो, तो पुडी बांधतो.” अप्पा तर छातीवर हात ठेवून म्हणाले, “गुजराती? मला? एक अक्षर नाही!” याच तोंडाने गेल्याच गुरुवारी तूरडाळीवरून इतकं अस्खलित गुजराती झाडलं होतं की वाणी स्वतः पायरी उतरून डाळ दाखवायला आला होता.

शेवटी सबनीसांनी चावीचा फोनो काखोटीला मारला आणि सरळ त्या वाण्याचंच दुकान गाठलं. प्रागजीभाई दुपारच्या सुस्तीत गल्ल्यावर बसले होते.

“काय सबनीसभाय, पेटी विकायची हाय?”

“नाही हो. एक गाणं ऐका आणि मला अर्थ सांगा. पण मन घट्ट करून ऐका.”

तांदळाच्या पोत्यावर फोनो ठेवला, चावी दिली, तबकडी लावली. तो लांबवलेला, जड पावलांनी चालणारा सूर गुळाच्या ढेपांवरून, मिरच्यांच्या पोत्यांवरून दुकानभर पसरला. सबनीसांनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला त्यांचा कंठ दाटला. प्रागजीभाईंचंही तेच झालं असणार म्हणून त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं.

प्रागजीभाईंचं पोट हलत होतं. ते हसत होते. आतून त्यांची बायको पदर तोंडाला लावून आली आणि तीही हसत होती. पोत्याला टेकून दोघं इतकी हसली की तबकडीवरची सुई उडाली.

“अरे, हे तर फटाणुं हाय!” प्रागजीभाई डोळे पुसत म्हणाले.

“म्हणजे?”

“लग्नात नवरीकडच्या बायका नवऱ्याकडच्या माणसांना गाण्यात शिव्या देतात ना, ते. ही बाई काय म्हणते, की ए विहीणबाई, तू जेवायला आली, चार माणसाचं जेवली, आता पाटावरनं उठ. तुझी बैलगाडी जोडून ठेवलीय. दरवाजा उघडा हाय. पण तू उठत नाय!”

“आणि तिसरी ओळ?” सबनीसांनी क्षीण आवाजात विचारलं. “ते… पदरात लपवलेलं?”

“भजी. जाताना भजी चोरून पदरात बांधली, असं म्हणते.”

सबनीस तांदळाच्या पोत्यावर बसले. साक्षात परमात्म्याच्या पदराआड गेलेला जीव म्हणून ते महिनाभर ज्यासाठी अश्रू ढाळत होते, ती भजी होती.

प्रागजीभाईंनी त्यांना पाणी दिलं आणि बोलण्याच्या ओघात आणखी एक गोष्ट सांगितली. “आमच्या अमदाबादलापण पोरं मोर्चा काढतात, सबनीसभाय. वेगळं गुजरात पायजे म्हणतात. तुमच्याबरोबर नाय राहायचं.”

“आमच्याबरोबर… नाही राहायचं?” सबनीसांनी पेला खाली ठेवला. नको म्हणण्याचा हक्क फक्त आपल्याकडे आहे, अशी त्यांची आजवर समजूत होती. ठाण्यापलीकडून चालत येतानाही हा विचार त्यांना शिवला नव्हता. “का? आमच्यात काय वाईट आहे?”

“वाईट काय नाय. पण जेवण झालं की आपापल्या घरी बरं.”

सबनीस घरी परतले ते फळ्यापुढे ओलं फडकं घेऊन उभे राहिले. पुसावं की नाही? अप्पांसाठी त्यांनी नाव पुसलं नसतं. पण भज्यांसमोर त्यांचा कणा वाकला होता. सरत्या सालातली सर्वोत्तम कलाकृती म्हणून आपण मुंबईसमोर भजीचोर विहीण ठेवणार? फडकं तसंच हातात घेऊन ते वर गेले आणि निदान निरोपाचं म्हणून तबकडी एकदा लावली. अर्थ आता पाठ होता. विहीण, पाट, बैलगाडी. तिसरी ओळ आली आणि त्यांच्या घशात नेमका त्याच जागी, नेमका तोच हुंदका आला.

बकुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. प्रागजीभाईंच्या दुकानातली बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती.

“अहो, भज्यांचंच गाणं ना हे?”

“हो.”

“मग रडताय कशाला?”

“सूर भज्यांचा नाही गं.”

बकुळाबाईंनी नवऱ्याच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं आणि ओटा पुसला. फळ्यावरचं नाव राहिलं.

ठाण्यासाठी सबनीसांनी अर्थ लिहून दिला: ‘पाहुण्यांस निरोप देतानाचे कौटुंबिक गीत.’ यात खोटं काही नव्हतं. धुरींनी ‘कौटुंबिक’ या शब्दाखाली रेघ मारली, समाधानाने शिक्का मारला आणि बंदोबस्ताला स्वतः येतो म्हणाले.

रविवारी संध्याकाळी चौक असा भरला की गणपतीतही भरला नसेल. सबनीसांना गहिवरून आलं. मग दौलतने भोंगा बांधता बांधता त्यांना सांगितलं की यातली निम्मी माणसं बहिष्कार घालायला आली आहेत. बहिष्काराला हजर राहावं लागतं हा नियम सबनीसांना ठाऊक नव्हता. अप्पांनी जुन्या छत्र्यांची कापडं काढून काळे झेंडे केले होते. एकाला अजून काडी लटकत होती. पुढच्या खुर्चीवर इन्स्पेक्टर धुरी, मागे दोन शिपाई. प्रागजीभाई बायकोला घेऊन दारापाशीच घुटमळत होते, तर राधाबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि आपल्याजवळ बसवलं.

पाचवा नंबर पोवाडा. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि डफाच्या आवाजाने भोंगा खरंच गुदमरला. पण सबनीसांकडे कुणी पाहिलं नाही. चौथं भावगीत निमूट गेलं. तिसऱ्या नंबरच्या सनईला मुलं उठून नाचली. दुसरा बुजुर्ग गवयाचा ख्याल होता. त्याच्या पहिल्याच आलापाला पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “भोंगा बिघडला!” सबनीसांनी तेही सोसलं.

“आता,” ते माइकसमोर म्हणाले, “या सालातली पहिली तबकडी.”

“निषेध!” अप्पा गरजले आणि झेंडे वर करून त्यांचा गट सभात्यागासाठी उठला. पण चौकातून बाहेर पडायचं तर बायकांच्या बैठकीतून जावं लागत होतं आणि बायका सरकेनात. “गाणं होऊ दे, मग जा कुठे जायचं ते,” राधाबाई म्हणाल्या. तेव्हा बहिष्कारवाले होते तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रतनबेनचा सूर भोंग्यातून निघाला आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांवर चढला. सबनीसांनी डोळे मिटले. चौक शांत झाला. पहिली ओळ. दुसरी ओळ. आणि मग कुणीतरी फिस्सकन हसलं. राधाबाईंचा आवाज आला, “अगं बाई! विहिणीला पाटावरून उठवतेय मेली!”

त्यासरशी सगळा बायकांचा घोळका फुटला. “गाडी जोडलीय म्हणते!” “भजी बांधली गं पदरात!” ज्या बिल्डिंगमध्ये एकाही माणसाला गुजरातीचं एक अक्षर येत नव्हतं, त्या बिल्डिंगला शब्द न् शब्द कळत होता! सबनीसांनी डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं. अप्पांची पाठ त्यांच्याकडे होती. पण खांदे गदगदा हलत होते.

“पुन्हा लावा!” तिन्ही मजल्यांवरून ओरडा झाला. सबनीसांनी पुन्हा लावली. आणि दुसऱ्या खेपेला, ‘जेवलीस, आता ऊठ’ ही ओळ येताच, भोंग्यापाशी उभा असलेला दौलत भान विसरून ओरडला, “अरे, ही विहीण म्हणजे द्विभाषिकच की!”

आणि चौकाचा स्फोट झाला.

“ऊठ विहिणी, पाट सोड!” कुणीतरी घोषणा रचली आणि तीनशे घशांनी ती उचलली. अप्पा भिंतीपासून गर्रकन वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. झेंडे फेकून ते सबनीसांवर धावून आले आणि त्यांना कडकडून मिठी मारली. “सबनीस! अहो, आधी नाही का सांगायचं? हे तर आपलं गाणं आहे!”

“आपलं नाही हो, रतनबेनचं आहे,” सबनीस गुदमरत म्हणाले. “आणि तुमचा हात पेटीला लागतोय.”

प्रागजीभाई उभे राहून टाळ्या वाजवत होते. “बरोबर! आमच्यापण घरातनं उठ, तुमच्यापण!” चौकात ‘झालाच पाहिजे’ सुरू झालं. आणि इन्स्पेक्टर धुरी हळूहळू उठले. त्यांनी खिशातून कागद काढून ‘कौटुंबिक’ हा शब्द पुन्हा वाचला. मग सबनीसांकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि विश्वासघात झाल्याचं दुःख जास्त होतं.

“मला वाटलं होतं, तुम्ही तरी नुसते गाण्याचे आहात,” ते म्हणाले, आणि पुढे होऊन फिरती तबकडी उचलली. “जमाव पांगवा. ही प्रक्षोभक तबकडी जप्त आहे.”

सबनीसांना धरून नेलं असतं तर ते ताठ मानेने लॉरीत चढले असते. त्याची त्यांना सवय होती. पण तबकडी? आणि तीही अशी, कडा न पकडता, सगळा अंगठा मधोमध दाबून? “साहेब, निदान धरा तरी नीट…” एवढंच ते म्हणाले. पण घोषणांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ऐकू येत होतं ते वेगळंच. अप्पा खांडके बाकावर चढले होते आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडत होते, “रतनबेन हळवदवालीला सोडलंच पाहिजे!” आणि बहिष्कारवाले, छत्र्यांचे झेंडे पुन्हा उचलून, त्यांना साथ देत होते.

दौलत जवळ येऊन मान खाली घालून उभा राहिला. “रघू, तोंडातून निघून गेलं रे.”

“तुझं चुकलं नाही,” सबनीस म्हणाले. “पण ती ओळ पुरी तरी होऊ द्यायचीस. पुढे सम होती.”

त्यानंतर फणसवाडीत सबनीसांचा मान वाढला. वाटेत लोक नमस्कार करू लागले, समितीच्या सभेत त्यांना पुढची खुर्ची मिळू लागली. सकाळी नळावर बायका तेच गाणं मराठी करून, दुप्पट लयीत, बादल्यांच्या तालावर म्हणू लागल्या. गंधार तर कधीच सांडून गेला होता. सबनीस कानांत बोटं घालून मोरीत उभे राहत. काळबादेवीच्या दुकानात दुसरी प्रत नव्हती, दादरलाही नव्हती. लोकांना गाणं मिळालं होतं. फक्त सबनीसांचं गेलं होतं.

शेवटी एक दिवस ऑफिसातून रजा काढून, इस्त्रीचा कोट घालून, ते तबकडी मागायला ठाण्यावर गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत घोकलं होतं: कला, नागरिकांचे हक्क, आणि वेळ पडलीच तर उपोषण. पायरी चढले आणि थबकले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि दारामागून रतनबेन हळवदवाली गात होती.

“साहेब पुरावा तपासतायत,” बाहेरचा हवालदार गंभीरपणे म्हणाला. “सकाळपासनं चौथ्यांदा.”

सबनीस तक्रारदारांच्या बाकावर बसले. हवालदारही मान डोलावत शेजारी टेकला. तिसरी ओळ आली. सबनीसांनी डोळे मिटले. घशात तो ओळखीचा कढ दाटून आला. आणि त्याच क्षणी, सुराच्या आड, त्यांना एक बारीक खरखर ऐकू आली. आतल्या माणसाचा जीव रमला होता, पण हात अडाणी होता.

गाणं संपलं. आत कुणीतरी मोठा निःश्वास सोडला. हवालदाराने सावरून वही उघडली.

“बोला. तुमची काय तक्रार आहे?”

सबनीसांनी कोटाची बटणं नीट केली, उठले आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, “काही नाही. फक्त साहेबांना म्हणावं, सुई बोथट झालीय. दर खेपेला नवी घाला.”